त्या ‘ई’चा अर्थ लागला, मामा

तीर्थरूप मामांना,

भाचीचा वाकून नमस्कार. मामींनाही नमस्कार, आणि तो जरा जास्तच वाकून, कारण गेले अकरा महिने तुमचा राग त्या एकट्या सांभाळत आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? सकाळचं फिरणं चालू आहे, की वर्तमानपत्रातल्या चुका काढता काढता अजून दहा वाजतात? इकडे सगळे ठीक. ह्यांचा रक्तदाब ठीक, लेकीची परीक्षा ठीक. मी मात्र ठीक नाही. गेल्या गुरुवारपासून मी धक्क्यात आहे. म्हणजे जेवते, झोपते, कामावर जाते, पण मधेच हातातला चमचा हातातच राहतो आणि मी भिंतीकडे बघत बसते. परवा ह्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. (लग्नाला एकवीस वर्षं झाली. ‘काही नाही’ म्हटल्यावर पुन्हा विचारायचं नसतं हे त्यांना ठाऊक आहे. ते पेपर वाचायला लागले.) कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझं आता काही खरं नाही, आणि सांगावं असा माणूस जगात एकच. तुम्ही पत्र वाचताच, निदान शुद्धलेखन तपासायला तरी. तेव्हा बसा नीट, पाठीला उशी घ्या, आणि मग पुढे वाचा.

आधी थोडं मागचं सांगते, कारण हे पत्र मामीही वाचणार, आणि त्यांना अजून वाटतं की तुमचं आणि किल्लीवाल्यांचं भांडण कुठल्या तरी खऱ्याखुऱ्या दारावरून झालं. तर मामी, आपला बँड एकेचाळीस वर्षं गातोय. त्यांच्या पहिल्या रेकॉर्डवरचं शेवटचं गाणं, त्यातली शेवटची ओळ, आणि त्या ओळीचे शेवटचे दोन शब्द, एवढ्यावर आमच्या चाहत्यांच्या मंडळाची हयात गेली आहे. गायक म्हणतो ‘दार उघड’, मग नऊ सेकंद ‘ईऽऽऽ’ अशी काळीज फाडणारी हाक, आणि मग एकदम शांतता. रेकॉर्ड तिथेच संपते. पाकिटावर गाण्याचे शब्द छापलेले नाहीत. नुसतं लिहिलंय, ‘शब्द : सुचले तसे’. (ज्याने हे लिहिलं त्याला मी कधीतरी भेटणार आहे.) मामांचं म्हणणं, तो शब्द ‘उघड’ आहे, माणूस बाहेर ताटकळतोय आणि विनवतोय. किल्लीवाल्यांचं म्हणणं, तो ‘उघडं’ आहे, टिंबासकट. दार मुळात उघडंच होतं, माणूसच आत जायला तयार नव्हता. ते हे धंद्याच्या अनुभवावरून बोलतात. तीस वर्षं लोकांची कुलपं उघडतायत, आणि बोलावणाऱ्यांपैकी निम्म्यांचं दार बंद नसतंच, ते किल्ली उलटी फिरवत असतात, असं ते छातीवर हात ठेवून सांगतात. त्यावर मामा म्हणायचे, मी चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली आहेत, जे टिंब कानाला लागत नाही ते मी छापू देणार नाही.

मामा, त्या रविवारच्या सकाळी आठवतात? किल्लीवाल्यांच्या दुकानावरची ती खोली, भिंतीला टांगलेल्या हजार किल्ल्या, कुणी दार जोरात लावलं की सगळ्या एकदम किणकिणायच्या. लोक जन्मसालं विसरतात, पण दौरे विसरत नाहीत. माझं लग्न नवव्या आणि दहाव्या दौऱ्याच्या मध्ये झालं. लेक झाली ती पंधराव्या दौऱ्यात, आणि ह्यांना दवाखान्यात यायला उशीर का झाला ते आजवर घरात कुणी उच्चारत नाही. सहाव्या दौऱ्यातलं गाणं जलद होतं म्हणून तो दौरा खरा, की अकराव्यात त्यांनी ते संथ घेतलं म्हणून तो खरा, यावर दोन सख्खे भाऊ आमच्यासमोर वेगळे राहायला गेले. आणि तुमचं ते बासष्ट पानांचं पुस्तक, ‘त्या ‘ई’चा अर्थ’. चौथं प्रकरण : ‘ई’ ही ईश्वराला मारलेली हाक, जी अर्ध्यावर राहिली. पाचवं : त्यानंतरचं मौन. सहावं : गायक दर कार्यक्रमात माइक रुमालात गुंडाळून का धरतो, तर तो रुमाल म्हणजे निरोप. मी सहावं प्रकरण वाचून रडले होते, मामा. तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते, लहान नव्हते.

मग तेविसावा दौरा आला. त्या ओळीवर गायकाने माइक अचानक लोकांकडे वळवला. अठरा हजार माणसं, अर्धी ‘उघड’ म्हणाली, अर्धी ‘उघडं’, आणि गायक हसून मान हलवता झाला. किल्लीवाले म्हणाले, टिंबाला मान डोलावली. तुम्ही म्हणालात, डोळ्यांवरचे केस उडवले. पुढच्या रविवारी किल्लीवाले आले ते मनगटापासून कोपरापर्यंत ‘दार उघडं’ गोंदवून. तुम्ही खिशातून लाल पेन काढलंत, त्यांचा हात धरलात आणि त्या टिंबावर छापखान्यातली काट मारलीत. किल्लीवाल्यांनी हात मागे घेतला आणि एवढंच म्हणाले, “मामा, हा कागद नाही. दुखतंय अजून.” तुम्ही टोपी घेतलीत आणि जिना उतरलात. महिन्याभरात घर बदललंत, तेही दुसऱ्या गावात. म्हणजे टिंबापायी माणसाने गाव सोडल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं.

आता गुरुवार. माझं काम तुम्हाला माहीत आहे, पण मामींसाठी : मी कान तपासते. जाड भिंतींची एक छोटी खोली असते, तिच्यात बाहेरचा आवाज शिरत नाही आणि आतला बाहेर जात नाही. रुग्णाला तिथे बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा, आणि मी काचेच्या अलीकडे माइकसमोर बसायचं. आधी बारीक मोठ्या शिट्ट्या, मग शब्द. मी म्हणायचं ‘पान’, त्यांनी परत म्हणायचं ‘पान’. ‘कान’ म्हणाले की मी कागदावर फुली मारते. साडेदहाला एक गृहस्थ आले. अडुसष्टीचे, डोक्यावर लोकरी टोपी, अंगात सैल कोट, नोंदवहीत अगदी साधंसुधं नाव. खोलीत बसले, हेडफोन उचलला, आणि खिशातून रुमाल काढून त्याची वायर रुमालात धरली.

मामा, तो रुमाल! आपले गायक! काचेपलीकडे, चार फुटांवर! (दवाखान्याच्या नियमाने रुग्णाचं नावगाव मी कुणाला सांगायचं नाही. बघा, मी नाव कुठेच लिहिलेलं नाही.) शिट्ट्यांच्या चाचणीत एक शिट्टी मी तीनदा वाजवली आणि त्यांनी तीनदा सज्जनपणे बटण दाबलं. डावा कान बराच गेलाय, उजवा त्यामागे निघालाय. एकेचाळीस वर्षं त्या भिंतीएवढ्या स्पीकरांसमोर उभं राहिल्यावर दुसरं काय होणार. मग शब्दांची यादी आली. घर, दूध, बस, माती. आणि इथे माझ्या हातून नोकरी जाण्याजोगं पाप घडलं. यादीत नसलेला शब्द मी म्हटला. म्हटलं, “दार.”

ते म्हणाले, “तार.”

मी पुन्हा म्हटलं, “दार.” ते पुन्हा म्हणाले, “तार.” म्हटलं, आता बुडालेच आहे तर पुरतं बुडू. तोंड माइकला लावलं आणि म्हटलं, “दार उघड.” तर हा माणूस खालचा ओठ चाचपत माझ्याकडे बघत म्हणाला, “तार उघडी.” आणि हसायला लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला, रुमालाने.

मी उठले, दार ढकलून त्या खोलीत गेले. मला काय विचारायचं होतं मलाच माहीत नव्हतं. माझ्यामागे दार आपोआप लागलं. ‘तुम्हाला काही त्रास होतोय का’ असं विचारून, त्यांनी नाही म्हटल्यावर, परत निघाले आणि मूठ फिरवली, तर मूठ माझ्या हातात आली. पुरती. मागे राहिलं एक भोक. बाहेरून काउंटरवरच्या बाई काचेसमोरून गेल्या. मी दोन्ही हात हलवले. त्यांनीही हसून हात हलवला आणि जेवायला गेल्या. (त्या साडेअकरालाच जेवतात. ही तक्रार मी वेगळी करणार आहे.) मी आरडाओरडा केला, पण ती खोली बांधणाऱ्याने काम चोख केलेलं होतं. मग गायक उठले, मला बाजूला सारलं, दारावर थाप मारली आणि पोटातून आवाज काढला, “अरे, दार उघडाऽ!” मामा, ती पट्टी! पहिल्या रेकॉर्डवरची! बंद खोलीत, माझ्या एकटीसाठी. अंगावर काटा आला. बाहेर अर्थात कुणालाही काही ऐकू गेलं नाही.

मग आम्ही दोघं बसलो. एकच खुर्ची होती, ती त्यांनी मला दिली आणि स्वतः जमिनीवर मांडी घालून बसले. मला त्यांच्या उजव्या कानाशी मोठ्याने बोलावं लागत होतं. मी सांगून टाकलं की मी कोण, मंडळ काय, तुमचं पुस्तक काय, टिंब काय. सहावं प्रकरण तर जवळजवळ तोंडपाठ म्हणून दाखवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. (जेवढं ऐकू आलं तेवढं.) मग म्हणाले, “बाई, तुम्ही भल्या दिसता. सांगतो. पण कुणाला सांगू नका.”

तर मामा, आता उशी नीट घ्या. पहिली रेकॉर्ड झाली ती दोरखंडाच्या एका गोदामात, कारण भाड्याचा स्टुडिओ परवडत नव्हता. फरशी ओली, गायक अनवाणी. त्या शेवटच्या ओळीला शब्दच नव्हते, तिथे ‘ला ला ला’ होतं. शेवटच्या कडव्यात त्यांचं लक्ष माइकच्या वायरीकडे गेलं. वरचं रबर उडालेलं, आतलं तांबं दिसतंय, आणि ड्रमवाला पाय तिकडेच सरकवतोय. त्याला सावध करायला हे ओरडले, “तार उघडी आहे!” पण ‘आहे’ म्हणायला सवडच मिळाली नाही. ‘डी’ म्हणताना ओठ माइकला लागला आणि शॉक बसला. नऊ सेकंद! नऊ सेकंदांनी गोदामाचा फ्यूज उडाला. तीच ती शांतता. शुद्धीवर आल्यावर ड्रमवाला त्यांना म्हणाला, “तू मेलास असं वाटलं, पण गाणं काय झालंय!” आणि पुन्हा ध्वनिमुद्रण करायची कुणाची छाती नव्हती.

चौथं प्रकरण गेलं, पाचवं गेलं. मी चाचरत विचारलं, आणि रुमाल? तर म्हणाले, “अहो, तेव्हापासून मला माइकची भीती वाटते. एकेचाळीस वर्षं झाली. प्रत्येक दौऱ्यात ती ओळ आली की हात गार पडतात. आता तर भीती इतकी वाढलीय की तेवढ्यापुरता माइक लोकांकडेच फिरवतो. ते म्हणतात बिचारे.” सहावंही गेलं, मामा. मी त्या खोलीच्या छिद्राछिद्रांच्या भिंतीकडे बघत बसले. तुमची बासष्ट पानं माझ्या डोळ्यांसमोर एकेक करून गळत होती.

मला राग आला, खरंच सांगते. मी म्हटलं, मग एकदा तरी सांगायचंत! लोकांनी हातांवर गोंदवलंय, भाऊ वेगळे झालेत, माझे मामा गाव सोडून गेलेत! ते बराच वेळ रुमालाची घडी घालत होते. मग म्हणाले, दुसऱ्या दौऱ्यात सांगणार होतो. कार्यक्रमाआधी एक परिचारिका भेटायला आली. वडिलांशी सात वर्षं बोलत नव्हती, हे गाणं ऐकून उठली आणि जाऊन त्यांची कडी वाजवली. “मला म्हणाली, तुम्ही दार उघड म्हणालात म्हणून गेले. आता तिला मी काय सांगू, की ती वायर होती?”

तेवढ्यात दाराच्या भोकात खरखर झाली. बाई जेवून आल्या होत्या, मूठ नसलेलं दार त्यांना दिसलं होतं, आणि त्यांनी गल्लीतल्या कुलूपवाल्याला बोलावलं होतं. गल्लीत कुलूपवाला एकच. दार उघडलं आणि हातात पकड घेऊन समोर किल्लीवाले!

त्यांनी मला पाहिलं. मग खाली मांडी घालून बसलेल्या माणसाकडे पाहिलं. पकड पडली. त्यांनी नुसती बाही वर केली आणि हात पुढे धरला, जसा पोलिसाला परवाना दाखवावा. गायक उठले, चष्मा लावला, हात जवळ घेऊन वाचलं. ‘दार उघडं’. किल्लीवाल्यांनी विचारलं, “साहेब, बरोबर आहे का?” गायकांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मामा, त्या क्षणी मी ‘नाही’ अशी मान हलवू शकत होते. माझ्या मामाचा प्रश्न होता. पण किल्लीवाल्यांची हनुवटी थरथरत होती हो. मी भोकाकडे बघितलं. गायक म्हणाले, “बरोबर आहे.” आणि त्यांचा हात थोपटून निघून गेले.

मला वाटलं, आता हा माणूस गावभर पेढ्यांऐवजी टिंबं वाटणार. तर मला खरा धक्का बसला तो इथे. किल्लीवाले तासभर ती मूठ बसवत होते. मूठ पाच मिनिटांची. निघताना म्हणाले, “ताई, मंडळात बोलू नका. मामांच्या कानावर जायला नको. त्यांचं आयुष्य आहे त्या पुस्तकात.” आणि जिन्यावरून पुन्हा वर आले नि म्हणाले, “अकरा महिने झाले, जिंकलो तर त्यांना काय काय ऐकवायचं ते पाठ करून ठेवलं होतं. आता ऐकवायला ते नाहीत तर मजाच नाही.” रविवारी लांब बाह्यांचा सदरा घालून आले आणि गायकांबद्दल अवाक्षर काढलं नाही. कुणीतरी वाद काढला तेव्हा तुमची बाजू त्यांनी मांडली, कारण ती मांडायला दुसरं कुणी नव्हतं. बरी मांडली. पण तुमच्यासारखी नाही.

तर असं झालं. तुमच्यापासून मी काही लपवलेलं नाही. रागवायचं तर माझ्यावर रागवा, विजेवर रागावून उपयोग नाही.

तुमची आज्ञाधारक (टिंब सोडून बाकी सर्व बाबतींत)
भाची

ता. क. वाचून झालं की पत्र जाळा. निदान माझ्या नोकरीला बारा वर्षं उरली आहेत एवढं लक्षात घ्या.

ता. क. २. मामी, हा भाग तुम्ही वाचू नका. मामा, मागच्या आठवड्यात मामींचा फोन आला होता. त्यांनी वेगळंच काही विचारायला केला होता, आणि मग सांगितलं. की तुम्ही दुपारी रेकॉर्ड लावून डोळे मिटून बसता. रेकॉर्ड संपते, सुई नुसती खरखरत राहते, आणि तुम्ही अर्धा अर्धा तास तसेच बसलेले असता, मान डोलावत. त्या येऊन हळूच बंद करतात आणि तुम्हाला सांगत नाहीत. मामा, मी हे काम बावीस वर्षं करते आहे. हे पत्र मी गायकांबद्दल लिहायला घेतलेलं नव्हतं. ते गुरुवारी मधे आले.

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. आत्ता गायकांचा फोन आला. काल त्यांना कानाचं यंत्र बसवून दिलं. आज सकाळी त्यांनी बारा वर्षांत पहिल्यांदा ती रेकॉर्ड ऐकली, आणि मला घाबऱ्या घाबऱ्या म्हणाले, “बाई, मी तर चक्क दार म्हणतोय हो!” मी म्हटलं, आणि तार? म्हणाले, शॉक बसला हे खरं, फ्यूज उडाला हे खरं, पण तार काही ऐकू येत नाही. मी धीर करून विचारलं, टिंब आहे का? तर म्हणाले, “तेच कळत नाहीये. तुमच्या ओळखीत कुणी शुद्धलेखन जाणणारं आहे का?”

मी म्हटलं, आहे. मंगळवारी बारा वाजता ते रेकॉर्ड घेऊन दवाखान्यात येतायत, किल्लीवाल्यांनाही मी बोलावलं आहे. त्याआधी अकराची वेळ मी तुमच्या कानांसाठी लिहून ठेवली आहे. यायचं नसेल तर मला फोन करून तसं सांगा. मी माझ्या नेहमीच्या आवाजात एकदाच ‘का?’ असं विचारीन. ते तुम्हाला ऐकू आलं, तर नका येऊ.